लपलेल्या वस्तूंचे गेम दुसऱ्यांदा खेळताना: कोणती मालिका टिकते, कोणती नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा-बारा वर्षांपूर्वी तुम्ही आणि तुमची बहीण मिळून 'मिस्ट्री केस फाइल्स', 'डार्क पॅरेबल्स' आणि 'एनिग्मॅटिस' या लपलेल्या वस्तूंच्या गेमच्या मालिका खेळलात, म्हणजे वस्तूंनी गच्च भरलेल्या चित्रातून सांगितलेल्या वस्तू शोधून काढायच्या. आता त्या परत खेळायची हुक्की आली आहे. यातली कोणती दुसऱ्यांदाही रंगते, सुरुवात कुठून करायची, आणि 'तेव्हा काय भारी वाटलं होतं' ही आठवण बाजूला ठेवून त्यांची तुलना कशी करायची? शिवाय कलेक्टर्स एडिशन, म्हणजे जादा मजकूर असलेली आवृत्ती, घ्यावी की साधी, हा उपप्रश्न.

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. सुरुवात 'रेव्हनहर्स्ट'पासून करा, म्हणजे २००६ चा 'मिस्ट्री केस फाइल्स'चा तिसरा भाग. मग 'डार्क पॅरेबल्स'चे पहिले तीन. 'एनिग्मॅटिस' सगळ्यात शेवटी, पण तिन्ही भाग सलग, मध्ये खंड न पाडता. दुसऱ्या खेळीत सगळ्यात कमी झिजलेली तुम्हाला पहिली मालिका वाटेल, सगळ्यात जास्त झिजलेली तिसरी. गंमत म्हणजे पहिल्यांदा खेळताना माझा क्रम बरोबर उलटा होता.

मी हे गेम सुरुवातीपासून खेळते आहे आणि मधली काही वर्षं एका स्टुडिओसाठी टेस्टिंगही केलं. टेस्टिंगमध्ये एकच सीन, म्हणजे वस्तू लपवलेलं एक चित्र, दिवसातून वीस-तीस वेळा उघडावा लागतो. वस्तू कुठे आहे हे पाठ झाल्यावरही जो सीन बघवतो तो चांगला, आणि जो चौथ्या वेळेला नकोसा होतो तो फक्त नवेपणावर चाललेला, हे तिथे कळलं. दुसऱ्यांदा खेळणं म्हणजे याचीच सौम्य आवृत्ती.

आपण नेमकं काय विसरतो आणि काय नाही, इथून सुरू करू. वस्तूंच्या जागा आपण साफ विसरतो. दोन वर्षं मध्ये गेली तरी 'कात्री कुठे होती' हे आठवत नाही. कथेतला धक्का मात्र कधीच विसरत नाही. खुनी कोण ते दहा वर्षांनीही डोक्यात पक्कं असतं. आणि कोड्याची युक्ती अर्धवट आठवते, ही सगळ्यात वाईट अवस्था. घड्याळाचे काटे फिरवायचे आहेत हे आठवतं, कुठे लावायचे ते आठवत नाही. मग ज्या चिठ्ठीवर ती वेळ लिहिलेली आहे ती शोधायच्या आधीच आपण काटे फिरवत बसतो आणि 'हे कोडं तर्कशून्य आहे' म्हणून गेमला नावं ठेवतो. दोष गेमचा नसतो, आपण पायरी गाळलेली असते.

म्हणून जी मालिका 'शोधण्यावर' उभी आहे ती दुसऱ्यांदा ताजी राहते, 'कथेवर' उभी आहे ती शिळी होते, आणि 'कोड्यांवर' उभी आहे ती किती काळ गेला यावर अवलंबून असते. तुमच्या तिन्ही मालिका नेमक्या या तीन बाजूंना झुकलेल्या आहेत.

तुलनेसाठी मी एकच मोजमाप वापरते. गुण द्यायच्या भानगडीत पडत नाही, किती मिनिटं लागली तेही बघत नाही. वहीत दोन रकाने करते: 'दिसेना' आणि 'सुचेना'. हिंटचं, म्हणजे अडल्यावर इशारा देणारं बटण दाबलं की एका रकान्यात रेघ. यादीतली वस्तू समोर असून सापडत नाही म्हणून दाबलं तर 'दिसेना'. आता कुठल्या खोलीत जायचं, हातातली पक्कड कशावर वापरायची हे कळत नाही म्हणून दाबलं तर 'सुचेना'. गेम संपला की रेघा बघा. 'दिसेना' भरलेलं असेल तर चित्रकाराने तुम्हाला हरवलं, आणि त्यासाठीच तर आपण हे गेम घेतो. 'सुचेना' भरलेलं असेल तर गेमने तुम्हाला उगाच खोल्याखोल्यांतून हेलपाटे घालायला लावले. दुसऱ्या खेळीत हे जास्त स्पष्ट दिसतं, कारण एकदा खेळूनही पुढची पायरी सुचत नसेल तर ती पायरी मुळात कशाला धरून नव्हतीच.

आता 'मिस्ट्री केस फाइल्स'. २००५ च्या 'हंट्सव्हिल'मध्ये कथा नावापुरती होती. नकाशावरची ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी वस्तूंची यादी, डोक्यावर घड्याळ, आणि शेवटी गुन्ह्याचा उलगडा करणारं एक कोडं. पण एक गोष्ट त्या काळच्या गेमांनी बरोबर केली होती, जी पुढे सगळ्यांनी सोडून दिली: सीनमध्ये वस्तू भरपूर आणि यादीत त्यातल्या थोड्या, तीही दर वेळी वेगळी. त्याच ठिकाणी परत गेलात तर निराळी यादी. म्हणजे दुसऱ्यांदा खेळणं गेमच्या रचनेतच होतं. गेल्या वेळी ज्या मोरपिसाकडे तुम्ही ढुंकूनही पाहिलं नाही ते आता यादीत येतं, आणि तुम्हाला अंधुक आठवतं की हे कुठेतरी पाहिलंय. कुठे? इथे खरी मजा आहे, आणि ही मजा पहिल्या खेळीत मिळतच नाही.

'रेव्हनहर्स्ट'ने हाच सांगाडा ठेवला आणि त्यावर एमा रेव्हनहर्स्टची डायरी चढवली. पानापानाने तिची हकीकत उलगडते, चार्ल्स डॅलिमार नावाचा माणूस हळूहळू अंगावर येतो, आणि दारांवर ती अजब यांत्रिक कुलुपं, एक भाग हलवला की दुसरा घरंगळतो, त्याने तिसरा उचलला जातो अशी. चार्ल्सचं पुढे काय होतं ते माहीत असूनही डायरी परत वाचावीशी वाटते, कारण ती छोटी आहे आणि धक्क्यावर अवलंबून नाही. ती वातावरणावर चालते. शोध, कथा आणि कोडी यांचं इतकं योग्य प्रमाण या मालिकेला पुन्हा जमलं असं मला वाटत नाही.

२००७ च्या 'मादाम फेट'मध्ये एक ज्योतिषीण स्वतःचाच मृत्यू पाहते आणि मध्यरात्रीच्या आत संशयित शोधायचे असतात. सीन अजूनही गच्च भरलेले. २००८ च्या 'रिटर्न टू रेव्हनहर्स्ट'पासून गाडीने रूळ बदलले: आता आपण घरात चालतो, वस्तू खिशात टाकतो, दुसरीकडे वापरतो. आज ज्याला आपण हिडन ऑब्जेक्ट साहसी गेम म्हणतो त्याचा साचा बहुतेक इथेच पक्का झाला. पहिल्यांदा खेळताना मला हा मालिकेचा कळस वाटला होता. दुसऱ्या खेळीत माझ्या वहीत 'सुचेना'च्या रकान्यात पहिल्यांदाच रेघा वाढल्या. गेम अजूनही चांगलाच आहे, पण त्याने दार उघडून दिलं ते पुढच्या सगळ्या हेलपाट्यांना.

२००९ च्या 'डायर ग्रोव्ह'मध्ये खऱ्या नटांच्या चित्रफिती आल्या. त्या तेव्हा अंगावर काटा आणायच्या. आता मी त्या सरळ पुढे ढकलते. रंगवलेलं चित्र म्हातारं होत नाही, चित्रफीत होते. २०११ च्या 'एस्केप फ्रॉम रेव्हनहर्स्ट'मध्ये तर नेहमीची यादीच काढून टाकली आणि हळूहळू रूप बदलणाऱ्या वस्तू दिल्या: टक लावून पाहत राहायचं, भिंतीवरचा मुखवटा क्षणभर दुसरंच काही होतो, तेवढ्यात क्लिक. यावर खेळणाऱ्यांत सरळ दोन तट पडले. मी विरोधी तटात होते. दुसऱ्यांदा खेळल्यावर मत थोडं नरम झालं, कारण या प्रकाराला स्मरणशक्तीचा उपयोग होत नाही, प्रत्येक वेळी डोळे ताणावेच लागतात. तरी त्याची कथा इतक्या किळसवाण्या वाटांनी जाते की तिसऱ्यांदा खेळायची माझी छाती नाही.

नंतर मालिका वेगवेगळ्या हातांत गेली. २०१३ चा 'फेट्स कार्निव्हल' एलिफंट गेम्स या स्टुडिओने केला, २०१५ च्या 'की टू रेव्हनहर्स्ट'पासून सर्बियातल्या आयपिक्सने. मालिकेची तुलना करताना बरेच जण हे विसरतात. नाव तेच असलं तरी चित्रकार, कोडीकार, सगळे वेगळे. तुम्ही 'मिस्ट्री केस फाइल्स'ची तुलना 'डार्क पॅरेबल्स'शी करता तेव्हा नेमक्या कुठल्या काळातल्या गेमची कुठल्या काळातल्या गेमशी करता आहात ते आधी ठरवा. नाहीतर कुस्ती भलत्याच पैलवानांत लागते.

इथे थोडं विषयांतर करून सीनबद्दल सांगते, कारण दुसऱ्या खेळीत तुम्हाला हेच सगळ्यात जास्त दिसणार आहे. सीन म्हणजे एक रंगवलेली पार्श्वभूमी आणि तिच्यावर चिकटवलेल्या सुट्या वस्तू. लपवायच्या युक्त्या मोजक्या आहेत. वस्तूचा रंग मागच्या भिंतीच्या रंगात मिसळवणं. आकार बदलणं, म्हणजे चमचा इतका मोठा करायचा की तो खांबच वाटावा. नुसती बाह्यरेषा ठेवणं, जसं फळ्यावर खडूने काढलेला मासा. अर्धी वस्तू दुसरीमागे सरकवणं. आणि पाचवी, सगळ्यात साधी: वस्तू अगदी मधोमध, उजेडात ठेवायची. आपण कोपरे धुंडाळत बसतो.

चांगला चित्रकार चिकटवलेली वस्तू त्या खोलीचीच करून टाकतो. वाईट चित्रकाराची वस्तू ओळखायची खूण सावलीत आहे. टेस्टिंगमध्ये एक सीन आला होता: डावीकडच्या खिडकीतून उजेड, टेबलावरच्या फुलदाणीची सावली बरोबर उजवीकडे पडलेली, आणि शेजारी ठेवलेल्या कात्रीची सावली डावीकडे. मला यादी वाचायच्या आधीच कात्री दिसली. त्या सीनमधल्या बारा वस्तूंपैकी आठ मी केवळ सावलीवरून उचलल्या, नाव न वाचता. पहिल्यांदा खेळताना कथेच्या नादात हे लक्षात येत नाही. दुसऱ्यांदा डोळा मोकळा असतो, तो सावल्या बघतो, कडा बघतो, आणि मग काही मालिकांचं पितळ उघडं पडतं. २००६-०७ च्या गेमांमध्ये अर्धपारदर्शक, भिंतीत विरघळलेल्या वस्तूंचा अतिरेक होता हे खरं, पण त्या निदान शोधाव्या लागायच्या.

यादीच्या इंग्रजी शब्दांचाही स्वतंत्र खेळ असतो. 'बॅट' म्हणजे चेंडू मारायची की वटवाघूळ? 'नेल' म्हणजे खिळा की नख? 'बो' म्हणजे धनुष्य की रिबिनीची गाठ? 'क्रेन' शोधताना मी एकदा सीनभर पक्षी शोधला आणि निघालं ते अवजड सामान उचलायचं यंत्र. दोन वर्षांनी तोच गेम खेळताना आठवलं की या शब्दाने आपल्याला फसवलं होतं, म्हणून मोठ्या हुशारीने यंत्र शोधायला गेले. या वेळी यादीत पक्षी होता. ऐरण, नरसाळं आणि अंगुस्तान यांची इंग्रजी नावं मला शाळेने नाही, या गेमांनी शिकवली.

'डार्क पॅरेबल्स'ने हा शब्दांचा प्रश्नच बऱ्याच अंशी निकालात काढला. ब्लू टी गेम्सने २०१० मध्ये 'कर्स ऑफ ब्रायर रोझ' आणला तेव्हा शोधायला वस्तूंची नावं नव्हती, तुकड्यांचे आकार होते. एका मुकुटाचे पाच-सहा तुकडे सीनभर विखुरलेले, ते उचलायचे, जुळले की मुकुट तयार, आणि तोच मुकुट पुढे कथेत कुठेतरी बसवायचा. तुकडे शोधायची कल्पना त्यांच्या आधीही होती, 'मॉर्टिमर बेकेट'मध्ये तुम्ही ती पाहिली असेल. पण ब्लू टीने तिला दागिन्यासारखं घडवलं. त्यांच्या वस्तू नक्षीदार असतात, आणि तुकडे जुळताना जी वस्तू आकार घेते ती बघण्यात समाधान असतं. शोध सोपा आहे हे मान्य. माझ्या वहीत 'दिसेना'च्या रकान्यात पहिल्या तीन भागांत मिळून मोजक्या रेघा आहेत. तरी कंटाळा आला नाही, कारण इथे मजा सापडण्यात नसून जुळण्यात आहे, आणि जुळण्याची मजा दुसऱ्यांदा कमी होत नाही. तयार झालेली रांगोळी आपण दुसऱ्यांदाही तितक्याच आवडीने बघतो, तसं.

कथेच्या बाजूनेही ही मालिका दुसऱ्या खेळीत एक वेगळीच गोष्ट देते. पहिल्या वेळी प्रत्येक भाग आपल्याला सुटी परीकथा वाटतो: झोपलेली राजकन्या, बेडूक राजपुत्र, हिमराणी. दुसऱ्यांदा सलग खेळताना कळतं की लेखकांनी यांची एकच वंशावळ बांधली आहे. २०११ च्या 'द एक्झाइल्ड प्रिन्स'मधला राजपुत्र पुढच्या भागांत सावलीसारखा येत राहतो, आणि 'राइझ ऑफ द स्नो क्वीन'मधली हिमराणी मुळात कोण हे माहीत असताना तिचे पहिले प्रसंग निराळेच लागतात. वाटेत गोळा होणाऱ्या छोट्या कथा मी पहिल्या वेळी न वाचता पुढे गेले होते. दुसऱ्या वेळी त्याच सगळ्यात जास्त आवडल्या. तुम्हीही त्या गाळल्या असतील तर या वेळी वाचा, नंतरच्या भागांचे धागे त्यांतच आहेत.

आठव्या भागाच्या सुमारास ही मालिकाही आयपिक्सच्या हाती आली. चित्रं अजून चकचकीत झाली, तुकड्यांचे सीन राहिले, पण ते आता कथेला कमी आणि प्रघाताला जास्त बांधलेले वाटतात. मला 'द बॅलड ऑफ रॅपन्झेल'पर्यंत मालिका एका श्वासात खेळवते, पुढे मी सुटे भाग निवडते. हे माझं मत. आयपिक्सच्या काळातल्या 'द स्वान प्रिन्सेस अँड द डायर ट्री'वर जीव असलेले लोक मला माहीत आहेत आणि त्यांच्याशी मी भांडत नाही.

उरली 'एनिग्मॅटिस'. पोलंडच्या आर्टिफेक्स मुंडीने तीन भागांत कथा सुरू केली आणि संपवलीही: २०११ चा 'द घोस्ट्स ऑफ मेपल क्रीक', २०१३ चा 'द मिस्ट्स ऑफ रेव्हनवुड', २०१६ चा 'द शॅडो ऑफ कर्खाला'. या प्रकारात संपणारी मालिका म्हणजे नवलच. बाकीच्या खप थांबेपर्यंत चालतात. नायिका गुप्तहेर आहे, स्मृती गमावून जागी होते, आणि सापडलेले पुरावे ती फळ्यावर लावत जाते. फोटो, चिठ्ठ्या, नावं यांची सांगड आपण घालायची. पहिल्यांदा खेळताना या फळ्याने मला वेड लावलं होतं. 'आता कळलं!' हा क्षण शोधाच्या गेममध्ये क्वचित मिळतो.

आणि नेमका तोच दुसऱ्यांदा मरतो. फळ्यावरचं नातं तुम्हाला आधीच माहीत असतं, आता फक्त गेमला ते दाखवायचं असतं, म्हणजे उत्तरपत्रिका उतरवून काढायची. शोधाचे सीन सुबक आहेत पण याद्या ठरलेल्या, त्यामुळे दोन खेळींत फरक नाही. मग सलग खेळा असं का म्हणाले? कारण तिन्ही भागांचा खलनायक एकच आहे, आणि पहिल्या वेळी भागाभागांमध्ये दोन-तीन वर्षं गेल्यामुळे पहिल्या भागातले धागे आपण तिसऱ्यापर्यंत विसरलो होतो. दुसऱ्या खेळीत ही मालिका कोडं म्हणून उरत नाही, पण तीन अंकी नाटक म्हणून उभी राहते. पंधरवड्यात तिन्ही संपवा. वर्षभर रेंगाळलात तर ना कोडं ना नाटक.

याच स्टुडिओच्या 'नाइटमेअर्स फ्रॉम द डीप'लाही हाच नियम लागतो, फक्त तिथे संग्रहालयात काम करणारी आई मुलीला सोडवायला समुद्री चाच्यांच्या मागे जाते, त्यामुळे कथा सरळ आहे आणि धक्क्यावर कमी टेकते. ज्यांना वस्तू शोधायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी आर्टिफेक्स मुंडीच्या काही गेममध्ये शोधाऐवजी माहजाँगसारखा (सारख्या सोंगट्यांच्या जोड्या लावायचा) दुसरा खेळ खेळता येतो. पहिल्यांदा मला हे पळवाट वाटलं होतं. दुसऱ्या खेळीत मी प्रत्येक सीन शोधाने आणि मग परत त्या पर्यायाने खेळले, संध्याकाळ मजेत गेली.

तुम्ही विचारलं नाही तरी 'ड्रॉन' या मालिकेचं नाव घ्यायला हवं, कारण तुलना निघाली की कोणीतरी ते घेतंच. 'द पेंटेड टॉवर' (२००९) आणि त्याचे पुढचे दोन भाग. आयरिस नावाच्या मुलीची चित्रं जिवंत होतात आणि आपण त्यांत शिरतो. अप्रतिम. पण त्यात यादी घेऊन वस्तू शोधणं जवळपास नाहीच, सगळा भार कोड्यांवर. म्हणून वर सांगितलेली अर्धवट आठवणीची अवस्था इथे सर्वांत जास्त छळते. चार-पाच वर्षं जाऊ द्या, मग उघडा. हलकंफुलकं हवं असेल तर राजकन्या सोफियाची 'अवेकनिंग' बरी. दुसऱ्यांदा खेळताना तिथे डोकं बाजूला काढून ठेवता येतं.

मोबाइलवरच्या फुकट गेमांची, म्हणजे २०१२ चा 'क्रिमिनल केस' किंवा २०१७ चा 'जून्स जर्नी' यांची, तुलना या मालिकांशी करू नका. तिथे एकच सीन तारे मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा खेळावा लागतो, ऊर्जा संपली की थांबायचं किंवा पैसे मोजायचे. पुन्हा खेळणं तिथे मीटर लावून चालतं. कौशल्य आहे, पण ते पाठांतराचं.

आता यंत्राच्या अडचणी, झटपट. २००६-०९ चे गेम चौकोनी पडद्यासाठी बनले होते. आजच्या रुंद पडद्यावर ते ताणले जातात, चेहरे फुगतात आणि बारीक वस्तू धुरकट होतात. अशा अवस्थेत जुन्या गेमची नव्याशी तुलना करणं हा अन्याय आहे. सेटिंगमध्ये जाऊन गेम पूर्ण पडदा सोडून खिडकीत चालवा, किंवा मूळ प्रमाण राखायचा पर्याय असेल तो निवडा. विंडोजवर गेम उघडताच बंद पडत असेल तर कंपॅटिबिलिटी मोडमध्ये आधीची आवृत्ती निवडून बघा, बरेचदा तेवढ्यावर भागतं. मॅकवर मात्र २०१९ च्या कॅटालिनापासून ३२ बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत, त्यामुळे मॅकसाठी घेतलेले जुने गेम तिथे गेले असं समजा. आणि जुनी प्रोफाइल पुढे चालवू नका, नव्या नावाने सुरू करा. मी एकदा घाईत जुन्याच नावावर नवा डाव टाकला आणि सत्तर टक्क्यांवर थांबलेला गेम पुसला गेला. शेवटचा भाग मी त्यात कधी पाहिलाच नव्हता.

अवघडपणाची पातळी सगळ्या गेममध्ये एकच ठेवा. जिथे स्वतः ठरवता येते तिथे कुठे क्लिक करायचं ते दाखवणाऱ्या चमकत्या खुणा बंद करा, हिंट भरायला जास्तीत जास्त वेळ द्या. खुणा चालू असल्या की डोळा चमचमीच्या मागे धावतो, चित्र बघतच नाही, आणि मग वहीतल्या रेघांना काही अर्थ राहत नाही. नकाशावरून उडी मारून खोली बदलता येत असेल तर ती सोय मात्र वापरा. हेलपाटे घालण्यात कसली मर्दुमकी.

कलेक्टर्स एडिशन की साधी? पहिल्या खेळीसाठी मी साधीच सांगते. जादा प्रकरण, मार्गदर्शिका, वॉलपेपर, संगीत, यांतलं मार्गदर्शिका उघडली तर खेळ बुडतो आणि वॉलपेपर कोणी लावत नाही. जादा प्रकरणाबद्दल माझी जुनी तक्रार आहे: एका मालिकेने मूळ गेमचा शेवट अर्धवट सोडून खरा शेवट जादा प्रकरणात टाकला होता, आणि मी साधी आवृत्ती घेऊन बसले होते. तेव्हापासून त्या मालिकेचं मी पुढे काही घेतलं नाही. पण दुसऱ्या खेळीसाठी गणित बदलतं. नंतरच्या काळातल्या बऱ्याच कलेक्टर्स एडिशनमध्ये शोधाचे सीन आणि छोटी कोडी मेनूतून थेट, कथा न चालवता, पुन्हा खेळता येतात. तुलना करणाऱ्याला याच्याइतकी सोयीची गोष्ट नाही: दोन मालिकांचे पाच-पाच सीन शेजारी ठेवा, एका बैठकीत आलटून पालटून खेळा, आणि रेघा मारा. तेवढ्यासाठी विकत घेण्यासारखी आहे, तीही सवलतीत मिळत असेल तेव्हा. हे गेम विकणाऱ्या बिग फिश कंपनीच्या गेमना तासभर फुकट खेळून बघायची सोय असते ती आधी वापरा. तासाभरात तीन-चार सीन सहज होतात आणि सावल्या कशा पडल्या आहेत ते कळतं.

बहिणीबरोबर खेळणार असाल तर वहीत एक रकाना वाढवा: 'कोणाला दिसलं'. मी आणि माझी भाची एकत्र खेळतो तेव्हा जिच्या हातात माउस नसतो तिला वस्तू आधी दिसते, हे दर वेळी होतं. माउस धरणारीची नजर बाणाभोवती घुटमळते, शेजारची अख्खं चित्र बघत असते. दर सीनला माउस बदला, नाहीतर शेवटी सगळ्या रेघा एकीच्याच नावावर जातात आणि 'सुचेना'चा रकाना भांडणाने भरतो.